कठडा कुणी बांधायचा? सुरतेतील बांधकाम मजूर आणि उंचीवरून पडण्याचा प्रश्न

बांधकामावरच्या मृत्यूंविषयी भारतात जो आकडा सगळ्यात जास्त फिरतो, त्याचे एक टोक सुरतेत आहे. इथल्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतले, म्हणजे एसव्हीएनआयटीतले, दिलीप पटेल आणि दिल्ली आयआयटीतले कुमार नीरज झा यांनी २०१६ मध्ये एक हिशेब मांडला. देशात बांधकाम क्षेत्रात वर्षाला ११,६१४ जीवघेणे अपघात होत असावेत, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या एकूण सुमारे ४८,००० मृत्यूंचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. पुढे कामाचे दिवस धरून त्याचे 'दिवसाला ३८' असे सुटसुटीत रूप झाले आणि परिषदांतून, भाषणांतून, सेफ्टीच्या पोस्टरांवरून ते सगळीकडे पोचले. ही मोजणी नव्हे, अंदाज आहे. मोजणी कुणी करत नाही म्हणूनच दोघा अभियंत्यांना अंदाज काढावा लागला.

या मृत्यूंत उंचीवरून पडणे हे कारण सर्वांत वर असते, याबद्दल मात्र कुठेही वाद नाही. अमेरिकेत बांधकामावरच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक, ब्रिटनमध्ये सुमारे निम्मे मृत्यू पडून होतात. हे देश बारकाईने नोंदी ठेवतात म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. पडण्याचे कारण ठाऊक, उपाय ठाऊक, मानके छापलेली, कायदा तीस वर्षांचा. तरीही माणसे पडतात. मग अडते कुठे, यावर गेल्या काही वर्षांत वेगवेगळी मते तयार झाली आहेत. सुरत नजरेसमोर ठेवून त्यांचा हा आढावा.

शहर वर चढले

१९९४ ची प्लेगची साथ आणि २००६ चा तापीचा पूर, या दोन तडाख्यांनंतर सुरत जी सुटली ती आधी आडवी आणि मग उभी. महापालिकेची हद्द २००६ मध्ये वाढली, २०२० मध्ये पुन्हा वाढली. वेसू, पाल, अलथाण, मोटा वराछा, जहांगीरपुरा, डिंडोली ही नावे आज बारा-चौदा मजली इमारतींच्या रांगांनी ओळखली जातात. खजोदला नऊ टॉवरांचे, प्रत्येकी १५ मजल्यांचे डायमंड बोर्स उभे राहिले. १७ डिसेंबर २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दोन मार्गांची मिळून ४०.३५ किलोमीटरची मेट्रो २०२१ पासून बांधली जात आहे. ऑगस्ट २०२० मध्ये गुजरात सरकारने ज्या पाच शहरांत सत्तर मजल्यांपर्यंत आणि त्याहून उंच इमारतींचा रस्ता मोकळा केला, त्यांत सुरत आहे.

हे बांधणारे हात बव्हंशी बाहेरचे. दाहोद आणि पंचमहाल, राजस्थानचे बांसवाडा, मध्य प्रदेशचे झाबुआ आणि आपल्याकडचा नंदुरबार जिल्हा. उधना, लिंबायत, गोडादरा, डिंडोली इथे धुळे-जळगावकडची मराठी वस्ती दोन-तीन पिढ्यांची आहे. ती मुख्यतः लूम, साडीचा धंदा आणि छोट्या नोकऱ्यांत स्थिरावली. धडगाव-अक्कलकुव्याचा आदिवासी मजूर मात्र मोसमाने येतो. पेरणीला परत जातो, दिवाळीनंतर पुन्हा दिसतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या या फिरत्या मजुरीचा अभ्यास साठच्या दशकापासून केला. खानदेशातून बारडोलीच्या साखर कारखान्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांवरचे त्यांचे लेखन मराठी वाचकाने मुद्दाम वाचावे असे आहे. कोयत्याच्या टोळीत मुकादमाची उचल, आगाऊ पैसे, घरचेच लोक एकत्र कामावर, अशी जी रचना होती, तीच थोड्याफार फरकाने आज सेंट्रिंगच्या टोळीत दिसते.

सुरतेतल्या कामांचे ढोबळ तीन थर पडतात, आणि पुढचा सारा वाद समजायला ते ध्यानात ठेवावे लागतात. वरच्या थरात मेट्रो, बुलेट ट्रेन, बोर्स यांसारखी प्रचंड कामे. तिथे मोठ्या कंपन्या, सेफ्टी ऑफिसर, जाळ्या, कामाआधीची परवानगी-चिठ्ठी असते. मधल्या थरात बिल्डरांची निवासी आणि व्यापारी कामे: साठ ते शंभर मजूर, पण सेंट्रिंगवाला वेगळा, गवंडी वेगळा, रंगवाला वेगळा, लिफ्टवाला वेगळा. तळाच्या थरात बंगले, रो-हाउस, वाढीव मजले, पांडेसरा आणि सचिनच्या शेडवरची पत्र्यांची दुरुस्ती. इथला मजूर सकाळी कडियानाक्यावर, म्हणजे मजूर-अड्ड्यावर, उभा असतो आणि आठ वाजता ज्याच्या टेम्पोत बसला, तो त्या दिवसाचा मालक.

मोजणीचे कोडे

सुरतेत वर्षाला किती मजूर बांधकामावरून पडून मरतात, हे खात्रीने सांगेल असा एकही सरकारी तक्ता नाही. कारखान्यांतल्या अपघातांची आकडेवारी केंद्राच्या डीजीफासली या कारखाना-सुरक्षा संस्थेकडे जमते, पण ती नोंदणीकृत कारखान्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात उंचीवरून पडलेल्यांचा आकडा देतो. त्यात गच्चीवरून पडलेले मूल आणि बाराव्या मजल्याच्या पालखीवरून, म्हणजे परांचीवरून, पडलेला गवंडी एकाच रकान्यात बसतात. पोलिसांकडे बहुतेक वेळा पहिली नोंद अकस्मात मृत्यूची होते. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे फक्त ज्यांनी अर्ज केले त्यांची गणती राहते.

ही पोकळी गुजरातेत भरून काढण्याचा खटाटोप सरकारबाहेरच्या लोकांनी केला. विपुल पंड्या यांची बांधकाम मजूर संगठन माहिती अधिकारात अर्ज करकरून अपघातांच्या याद्या जुळवत आली. वडोदऱ्याच्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटरचे जगदीश पटेल व्यावसायिक आरोग्याच्या प्रश्नांवर कित्येक वर्षे लिहीत आहेत. आजीविका ब्यूरोने सुरत आणि अहमदाबादच्या स्थलांतरित मजुरांच्या राहणीचे आणि कामाचे अभ्यास केले. या याद्यांवर बिल्डरांच्या बाजूने आक्षेप असतो की बातम्यांच्या कात्रणांवरून काढलेले निष्कर्ष सरसकट लावता येणार नाहीत. आक्षेप चुकीचा नाही. पण कात्रणांत न आलेले मृत्यू यादीत येत नाहीत, म्हणजे चूक झालीच तर कमी मोजण्याचीच होण्याची शक्यता जास्त, हेही त्याच वेळी म्हणायला हवे.

जखमींचे तर काहीच कळत नाही. कमरेचा मणका मोडून गावी परतलेला माणूस सुरतेच्या कुठल्याच दप्तरात उरत नाही.

कायद्याचा प्रवास

बांधकाम मजुरांसाठी वेगळा कायदा हवा ही मागणी ऐंशीच्या दशकात देशव्यापी झाली आणि १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा आला. सोबत उपकराचा जुळा कायदाही. केंद्राचे नियम १९९८ चे, गुजरातचे २००३ चे, महाराष्ट्राचे २००७ चे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा करायचा आणि त्यातून नोंदणीकृत मजुरांचे कल्याण करायचे, ही त्याची आर्थिक बाजू. परांची कशी असावी, ती कुणी तपासावी, मोकळ्या कडांना कठडा, भोकांना झाकण, जाळी, पट्टा ही सुरक्षेची बाजू. गंमत अशी की चर्चा झाली ती नेहमी पहिल्या बाजूची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यावरच्या खटल्याचा निकाल दिला तेव्हा देशभरात जमलेल्या ३७,४०० कोटींहून अधिक उपकरापैकी सुमारे ९,५०० कोटीच मजुरांवर खर्च झाल्याची नोंद झाली, आणि मथळे त्याचेच झाले.

नियमांच्या मागे मानकांचा ढीग आहे. परांची आणि शिड्यांसाठी आयएस ३६९६, मोकळ्या कडा आणि जमिनीतल्या भोकांसाठी आयएस ४९१२, पडण्यापासून बचावासाठी आयएस १३४१६ चा दुसरा भाग, सेफ्टी बेल्ट-हार्नेससाठी आयएस ३५२१, शिवाय २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा सातवा भाग. कागदावर काही कमी आहे असे या क्षेत्रातला कुणीही जाणकार म्हणत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९९६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरला. बदल दोन्ही दिशांनी झाले आहेत. जुन्या कायद्यात सेफ्टी ऑफिसर आणि सुरक्षा समिती ५०० मजुरांच्या कामावर सक्तीची होती, आता २५० वर. सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल जुनी शिक्षा तीन महिने कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी होती. आता कसुरीमुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातली निम्म्यापेक्षा कमी नाही इतकी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. उलट बाजूला, स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घरांना मिळणारी सूट दहा लाखांच्या खर्चावरून पन्नास लाखांपर्यंत गेली. दहापेक्षा कमी मजुरांचे काम तेव्हाही बाहेर होते, आताही बाहेर आहे.

संहितेचे समर्थक म्हणतात, पाच-सहा कायदे वाचण्यापेक्षा एक वाचणे सोपे, आणि दोन हजारांच्या दंडाला कोण भीत होते? कामगार संघटना म्हणतात, बांधकामाचा खास कायदा जाऊन तो सर्वसाधारण कायद्यातला एक भाग बनला, आणि निरीक्षकाचा 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला. कोण बरोबर, हे राज्यांचे नियम पूर्णपणे रुळल्यावर आणि दोन-चार खटले उभे राहिल्यावरच ठरेल.

पट्टा की कठडा

तंत्राच्या अंगाने वादाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

नऊ मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. हात टेकायला, काही पकडायला वेळच नसतो. म्हणून उपाय पडण्याच्या आधीचा तरी हवा किंवा पडता पडता झेलणारा तरी. पट्टा दुसऱ्या जातीचा.

सुरतेच्या मधल्या थरातल्या कामांवर सेफ्टी म्हणजे हेल्मेट आणि पट्टा, असे समीकरण झाले आहे. पट्टाही बरेचदा नुसता कमरेचा. अमेरिकेने पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरपट्टा वापरायला १९९८ पासून मनाई केली, कारण झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. माणूस दोरीला लटकतो पण आतून फाटतो. खांदे-मांड्यांतून जाणारा पूर्ण हार्नेस हे त्याचे उत्तर. पण हार्नेसलाही अटी आहेत. दोरी दोन मीटरची, झटका शोषणारी पट्टी उघडली की आणखी पावणेदोन मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर, वर एक मीटर राखीव: अडकवण्याच्या जागेखाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या मजल्याच्या कडेवर काम करणाऱ्याने असा हार्नेस नीट घातला, नीट अडकवला, तरी दोरीने त्याला पुरते झेलण्याआधीच तो जमिनीवर आदळेल. आणि अडकवायचे कशाला? बाहेरच्या भिंतीचा गिलावा करणारा गवंडी ज्या पालखीवर उभा असतो, तिलाच हूक लावतो. पालख गेली की हूकही गेला. शिवाय पडून लटकलेल्या माणसाला थोड्या मिनिटांत उतरवले नाही तर पायांत रक्त साकळून जीव धोक्यात येतो. तो उतरवायचा कसा, याची तालीम किती साइटवर झालेली असते?

म्हणून सुरक्षा अभियंत्यांचा एक मोठा प्रवाह म्हणतो की पट्टा ही शेवटची पायरी. ब्रिटनचे २००५ चे उंचीवरच्या कामाचे नियम हाच क्रम घालून देतात: आधी उंचीवर चढणेच टाळता येते का पाहा, नाही तर कठडा, फळी, जाळी अशी सगळ्यांना एकदम राखणारी व्यवस्था करा, तेही शक्य नसेल तेव्हाच एकेकट्याचा पट्टा. तिथे 'अमुक फुटांच्या वर' अशी मर्यादाही नाही; इजा होईल इतकी उंची, एवढेच. अमेरिकेत ती सहा फूट आहे. सिंगापूरने २०१३ च्या नियमांत तीन मीटरवरच्या धोक्याच्या कामासाठी लेखी परवानगी सक्तीची केली.

याचा आपल्याकडे अर्थ काय होतो ते लिफ्टच्या डक्टपाशी दिसते. स्लॅब टाकला की प्रत्येक मजल्यावर दीड-दोन मीटरचे एक उभे भोक तयार होते. दरवाजा बसायला वर्षभराचा अवधी असतो. तोवर तिथे काय असते? कुठे आडवा एक बांबू, कुठे सुतळीला बांधलेले लाल फडके, कुठे प्लायचा तुकडा, जो कुणीतरी मसाला कालवायला उचलून नेतो. विजेची तात्पुरती वायर गेली, की अंधारात तोच डक्ट भिंतीसारखा काळा दिसतो. तिथे वेल्डिंगची जाळी चार बोल्टांनी ठोकायला लागणारा खर्च चौदा मजली इमारतीच्या हिशेबात नगण्य. मग ती का नसते? कारण सेंट्रिंगवाल्याचे काम स्लॅब ओतून संपले, लिफ्टवाल्याचे अजून सुरू झाले नाही, आणि मधल्या काळात ते भोक कुणाचेच नसते.

१४ सप्टेंबर २०२२ ला अहमदाबादेत गुजरात युनिव्हर्सिटीजवळच्या एका बहुमजली बांधकामावर सात मजूर मेले. आधी बातमी आली लिफ्ट कोसळल्याची. प्रत्यक्षात डक्टमध्ये सेंट्रिंगसाठी बांधलेला मंच तुटला होता. मृत पंचमहालच्या घोघंबा भागातले. वर्षभराने, १० सप्टेंबर २०२३ ला, ठाण्याच्या बाळकुममध्ये चाळीस मजली इमारतीची बांधकाम-लिफ्ट कोसळून पुन्हा सात. दोन्हीकडे पट्टा असता-नसता तरी फरक पडला नसता. जे तुटले ते माणसाच्या अंगावरचे नव्हते, पायाखालचे होते.

पट्ट्याच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. कठडा आणि जाळी काम पुढे सरकेल तशी हलवावी लागते. सेंट्रिंग ठोकताना, काढताना कडा क्षणोक्षणी बदलते, तिथे कठडा आधी बांधणाऱ्यालाच धोका. बाहेरून रंग, काच, पाइप ही दोरीवर लटकून करायची कामे तर पट्ट्याशिवाय होणारच नाहीत. साइट इंजिनियर विचारतात की जाळीत वाळू-विटांचे तुकडे साठून ती भाराने फाटते, ती रोज साफ कोण करणार? प्रश्न खरा आहे.

बांबू की पाइप

बांबू आणि निलगिरीचे वासे काथ्याने बांधून केलेली पालख सुरतेच्या लहान कामांवर अजून सर्रास दिसते. मोठ्या कामांवर लोखंडी कप-लॉक आली. बांबू वाईट, पाइप चांगला, असे सरळ उत्तर मात्र अभ्यासकही देत नाहीत. हाँगकाँगने बांबूवर गगनचुंबी इमारती उभ्या केल्या, पण प्रशिक्षित, परवानाधारक कारागिरांच्या हातून. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या सार्वजनिक कामांपैकी निदान निम्म्यांत धातूची परांची वापरायचे ठरवले. नोव्हेंबरात ताय पो इथल्या निवासी संकुलात दुरुस्तीसाठी वेढलेल्या इमारतींना आग लागून दीडशेहून अधिक माणसे गेली आणि वाद पेटला. तिथेही आग पसरण्यात बांबूचा वाटा किती आणि जाळीचा, फोमचा किती, यावर मतभेद आहेतच. आपल्याकडचा मुद्दा साधा आहे. पाइपची पालख भाड्याने येते आणि भाडे दिवसावर चढते. बांबू ठेकेदाराचा स्वतःचा असतो, तो पाच साइट फिरतो. तिसऱ्या पावसाळ्यानंतरचा काथ्या किती भार घेईल, हे तपासून सही करणारा माणूस नसला तर पाइपचा सैल क्लॅम्पही तितकाच घातक.

सवयीचा दोष की दराचा

बिल्डर आणि ठेकेदारांशी बोला, पहिले वाक्य ठरलेले: साहेब, पट्टे देतो, पण हे लोक घालतच नाहीत. त्यात तथ्य आहे. सुरतेच्या मे महिन्यात अंगावर हार्नेस घालून चढ-उतार करणे म्हणजे शिक्षाच. हूक काढ-लाव करत सरकायचे तर काम मंदावते. शिवाय वर चढणे हा मर्दुमकीचा भाग असतो. पट्टा लावणाऱ्या नव्या पोराची टिंगल होते. या विचाराचे लोक प्रशिक्षण, रोज सकाळची पाच मिनिटांची सूचना, चित्रांची पोस्टरे यांवर भर देतात. मोठ्या कंपन्यांत याचा उपयोग दिसला आहे.

मजुरांच्या बाजूने काम करणारे याच चित्राकडे दुसऱ्या टोकाने पाहतात. गिलाव्याचा दर चौरस फुटावर, सेंट्रिंगचाही चौरस फुटावर. मंदावलेल्या कामाचा भुर्दंड ज्याच्या रोजीतून जातो, तो वेगच निवडणार. टोळीला उचल फेडायची असते, मुकादमाने दर तुटेस्तोवर खाली आणलेला असतो, आणि त्या दरात सेफ्टीचा रकाना कुठेच नसतो. नाक्यावरून आज उचललेल्या माणसाला प्रशिक्षण कधी देणार? तो उद्या दुसऱ्याच इमारतीवर असेल. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार काम बंद ठेवण्याचे आदेश गुजरातचे कामगार खाते काढते. चौरस फुटावर काम करणारा तो वेळ संध्याकाळच्या अंधुक उजेडात भरून काढतो.

दोन्ही बाजू एकमेकींना खोडत नाहीत, असे माझे मत झाले आहे. माणूस पट्टा घालत नाही हे निरीक्षण आहे. का घालत नाही याचे उत्तर दरपत्रकात आहे. सवय बदलायची तर ती परवडायला हवी. मात्र दर वाढवले की आपोआप कठडे येतील, असा पुरावाही कुणी दिलेला नाही.

तपासणी, शिक्षा, भरपाई

सुरक्षेची तपासणी गुजरातेत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, बांधकामाची परवानगी म्हणजे रजाचिठ्ठी महापालिकेकडे, उपकर आणि मजुरांची नोंदणी कल्याण मंडळाकडे, आणि अपघातानंतर गुन्हा पोलिसांकडे. अहमदाबादेत मजुरांच्या मृत्यूनंतर महापालिकेने रजाचिठ्ठी स्थगित केल्याची उदाहरणे आहेत. काम थांबले की व्याज चढते, म्हणून हा उपाय दंडापेक्षा जास्त झोंबतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. विरोधक म्हणतात, काम थांबल्याने रोजी बुडते ती उरलेल्या ऐंशी मजुरांची. माझ्या मते हत्यार योग्य, वापर उलटा: मृत्यूनंतर थांबवण्याऐवजी उघडा डक्ट दिसल्यावर तेवढा मजला थांबवला तर दोन्ही आक्षेप बरेचसे गळतात.

फौजदारी बाजू आधी भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमाची, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाची. निष्काळजीपणाने मृत्यूची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. आरोपी मात्र सहसा साइटवर हजर असलेला सुपरवायझर किंवा मजूर-ठेकेदार. नकाशा काढणारा, मुदत ठरवणारा, दर मंजूर करणारा यांची जबाबदारी ब्रिटनने १९९४ पासून वेगळ्या नियमांनी कायद्यात आणली; तिथे मालक आणि आरेखक यांनाही आधीच सुरक्षेचा विचार करावा लागतो. गच्चीच्या कठड्यात भविष्यातल्या रंगकामासाठी पक्क्या लोखंडी कड्या बसवून ठेवणे हे आरेखकाच्या एका रेषेचे काम आहे. आपल्या वास्तुविशारदांत यावर चर्चा नुकती कुठे सुरू झाली आहे.

भरपाईचे सूत्र १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आणि सामाजिक सुरक्षा संहितेत जवळपास तसेच उतरले. २०२० पासून हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरली जाते. तीस वर्षांचा मजूर गेला तर तिची निम्मी रक्कम गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. ठेकेदाराने दिली नाही तर मूळ मालकावर ती येते, अशी तरतूद १९९६ च्या कायद्यातही होती. प्रत्यक्षात मजुराचे नाव कुठल्याच मस्टरवर नसते, आणि प्रेत गावी नेण्याच्या घाईत दोन-तीन लाखांवर तडजोड उरकली जाते, अशी संघटनांची तक्रार आहे. महाराष्ट्रात कामावर मृत्यू आल्यास नोंदणीकृत मजुराच्या वारसाला मंडळाकडून पाच लाख मिळतात. नंदुरबारचा मजूर सुरतेत पडला तर नोंदणी कुठली, हा प्रश्न उभा राहतो. दोन राज्यांच्या मंडळांनी एकमेकांचे कार्ड मानण्याची मागणी जुनी आहे.

काय सुटलेले नाही

सगळ्यात आधी मोजणी. पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत 'कामावर असताना' असा एक रकाना वाढवायला कायदा बदलावा लागत नाही, तरी तो नाही. दुसरे, मधल्या थराची जबाबदारी. २५० ची मर्यादा आली तरी साठ-शंभर मजुरांच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर येणार नाही. मग एका ऑफिसरने एकाच भागातल्या चार-पाच साइट वाटून घ्याव्यात का, यावर विचार होऊ शकतो, झालेला नाही. कठड्याचा, जाळीचा, डक्टच्या दाराचा खर्च निविदेत वेगळ्या ओळीत दाखवून त्याचे पैसे वेगळे द्यावेत, ही सूचना अभियंते आणि संघटना दोघेही करतात. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंचे इतके एकमत दुसऱ्या कशावर सापडत नाही, आणि माझ्या दृष्टीने सुरुवात तिथूनच व्हावी.

तिसरा प्रश्न तळच्या थराचा. त्याचे उत्तर कुणाकडेच नाही. दहापेक्षा कमी मजुरांची कामे कायद्यात आणली तर तपासायला माणसे कुठून आणणार? बाहेर ठेवली तर तिथला मजूर नशिबावर. पत्र्याच्या शेडवर चढलेला माणूस सिमेंटचा जुना पत्रा फुटून खाली येतो, हे जगभर ठाऊक असलेले मरण आहे. उपाय म्हणून पत्र्यावर टाकायची फळी तेवढीच साधी. कडियानाक्यांवर गुजरात सरकारच्या श्रमिक अन्नपूर्णा योजनेचे पाच रुपयांचे जेवण पोचले, तर तिथेच तासाभराचे प्रात्यक्षिक आणि भाड्याने हार्नेस का मिळू नये, अशी एक कल्पना मांडली जाते. करून पाहिल्याशिवाय तिचे मोल कळणार नाही.

वाचकांपैकी बिल्डर थोडे असतील. पण दिवाळीआधी घर बाहेरून रंगवून घेणारे, गळकी गच्ची करून घेणारे, खिडकीबाहेर एसीचे खोके टांगून घेणारे पुष्कळ. तेवढ्यापुरते तुम्हीही मालक असता, आणि तुमचे काम कुठल्याच निरीक्षकाच्या यादीत नसते. दर ठरवताना ठेकेदाराला पालखीचे आणि दोरीचे पैसे वेगळे सांगायला सांगा, ते कापू नका, आणि काम सुरू होण्याच्या सकाळी हूक कशाला अडकवला आहे ते स्वतः वर जाऊन पाहा.